इंकस्केप : स्नॅप चालू, गाइड जागेवर, तरी पाटी अर्धा मिमी लहान आणि भोकात स्क्रू जात नाही

दारपाटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंकस्केप १.३ (रेखाचित्रं काढायचा प्रोग्रॅम), विंडोज. दारावरची पाटी ३ मिमी ऍक्रिलिकमध्ये लेझरने कापून घ्यायची आहे. फाइलची हकीकत अशी :

पाटी ३०० × १२० मिमी. चार कोपऱ्यांत ४ मिमी व्यासाची भोकं, प्रत्येकाचं केंद्र दोन्ही कडांपासून १० मिमी आत. फिल (आतला रंग) नाही, स्ट्रोक (कडेची रेघ) सगळीकडे काळा ०.५ मिमी. बाणाचं सिलेक्ट टूल घेऊन वरच्या पट्टीत पाटीला डब्ल्यू ३०० आणि एच १२० टाकलं, भोकांना ४ आणि ४. मग डीएक्सएफ (कटिंगला लागणारी फाइल) काढून कटिंगला दिली.

कापून आलेली पाटी कॅलिपरवर २९९.३ ते २९९.४ भरते. भोकं ३.६ ते ३.७. ४ मिमीचा स्क्रू आत जातच नाही. कटिंगवाला म्हणतो फाइलच तशी आहे. इंकस्केपमध्ये पाहिलं तर पट्टीत ३०० आणि ४ असंच दिसतं.

आणखी तीन अडचणी :

१. स्नॅप (वस्तू जवळच्या रेषेला किंवा बिंदूला आपोआप चिकटणं) चालू आहे. पण दोन गाइड (मापासाठी ओढलेल्या मदतरेषा) जिथे छेदतात तिथे भोकाचं केंद्र बसवायला गेलं की वर्तुळाची कड गाइडला चिकटते. केंद्र काही चिकटत नाही.

२. रुलरचा शून्य वर डावीकडे आहे. कटिंगवाला खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मापं मागतो. रुलरच्या कोपऱ्यातून शून्य ओढून आणायला गेलं तर काहीच होत नाही.

३. पाटीवर 'माऊली' मोठ्या अक्षरात आणि शेजारी 'निवास' लहान अक्षरात आहे. दोन्हींची शिरोरेषा एका रेषेत हवी. अलाइनमधून वरच्या कडा जुळवल्या तर शिरोरेषा खालीवर होतात, टेक्स्ट बेसलाइनला स्नॅप केलं तरी तेच.

---

मिमीवाला

कटिंगवाल्याचं बरोबर आहे. फाइलमध्ये पाटी २९९.५ आणि भोक ३.५ मिमीचंच आहे. पट्टीत ३०० आणि ४ दिसतं, कारण इंकस्केप तुम्हाला स्ट्रोकच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं माप दाखवतं. स्ट्रोक पाथच्या (आकाराच्या मूळ, बिनजाडीच्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा पसरतो. ०.५ चा स्ट्रोक म्हणजे इकडे ०.२५, तिकडे ०.२५. तुम्ही ३०० लिहिलंत ते शाईसकट. पाथ राहिला २९९.५. भोकाचंही तसंच : ४ वजा ०.५, म्हणजे ३.५. लेझरला शाईशी देणंघेणं नाही, तो पाथवरून चालतो.

याला व्हिज्युअल बाउंडिंग बॉक्स (वस्तूभोवतीचा शाईसकटचा चौकोन) म्हणतात आणि इंकस्केप सुरुवातीपासून यावरच ठेवलेलं असतं. बदलायचं असं : एडिट > प्रेफरन्सेस उघडा, डावीकडच्या यादीत 'टूल्स' या शब्दावरच क्लिक करा (त्याच्या पोटातल्या एखाद्या टूलवर नको). 'बाउंडिंग बॉक्स टू यूझ' मध्ये 'जॉमेट्रिक' (फक्त पाथचं माप) निवडा. आता हीच फाइल उघडून पाटीचा आयत निवडा. डब्ल्यू २९९.५ आणि एक्स ०.२५ दिसेल. मग खऱ्या आकड्यांवर ३००, १२० आणि एक्स-वाय शून्य टाका.

उरलेला फरक कर्फचा. लेझरचा झोत स्वतःच थोडं मटेरियल खातो. तुमचे आकडे लावून पाहा : २९९.५ ची पाटी २९९.३५ च्या आसपास आली, ३.५ चं भोक ३.६५ च्या आसपास आलं. पाटी ०.१५ ने घटली, भोक ०.१५ ने वाढलं. म्हणजे या मशीनवर या ऍक्रिलिकला कर्फ साधारण ०.१५ मिमी. तो भरून काढायचा तर बाहेरचा पाथ सगळीकडून ०.०७५ मिमी फुगवायचा आणि भोकांचे पाथ ०.०७५ मिमी आत घ्यायचे. पण आधी कटिंगवाल्याला विचारा. बऱ्याच लेझर सॉफ्टवेअरमध्ये कर्फची भरपाई तिथेच टाकता येते. दोघांनीही केली तर उलट्या दिशेने चूक होईल. दारावरच्या पाटीला ०.१५ चा फरक कोणी मोजणार नाही, मी तो सोडून दिला असता.

भोक मात्र ४ मिमीचं ठेवूच नका. ४ मिमीच्या स्क्रूला भोकही ४ चं म्हणजे घासून जाणार, आणि ऍक्रिलिक घट्ट स्क्रूने भोकापासून तडकतं. एम ४ साठी मोकळं भोक नेहमीच्या बसणीला ४.५ मिमी धरतात, नेमक्या बसणीला ४.३. इथे ४.५ घ्या.

आणखी एक सापळा. सिलेक्ट टूलच्या पट्टीत उजवीकडे चार छोटी बटणं आहेत. त्यातलं पहिलं दाबलेलं असलं की वस्तू लहानमोठी करताना स्ट्रोकही त्याच प्रमाणात बदलतो. तुमचा स्ट्रोक सगळीकडे ०.५ च राहिला, म्हणजे ते बटण बंद होतं. चालू असतं तर उत्तर वेगळ्या तऱ्हेने चुकलं असतं : शाईसकट २० मिमीचं वर्तुळ ४ वर आणलं की स्ट्रोक ०.१ होतो आणि पाथ ३.९. मग दोन भोकं दोन मापांची का आली याचा पत्ताच लागत नाही.

---

छेदबिंदू

मिमीवाल्यांच्या उत्तराला पुरवणी. वर्तुळ आणि आयत यांची मापं सिलेक्ट टूलच्या पट्टीत टाकूच नका. वर्तुळ निवडून एलिप्स टूल घ्या (एफ ५). त्याच्या पट्टीत आरएक्स आणि आरवाय असे दोन रकाने आहेत, तिथे २.२५ मिमी टाका. ही त्रिज्या पाथची असते. बाउंडिंग बॉक्स व्हिज्युअल असो की जॉमेट्रिक, स्ट्रोक जाड असो की बारीक, तिला फरक पडत नाही. आयताला एफ ४ घेऊन तिथल्या डब्ल्यू-एच मध्ये माप टाका, तेही पाथचंच.

आता कड चिकटण्याबद्दल. स्नॅप हा एक स्विच नाही. त्यात दोन प्रश्न असतात : ओढलेल्या वस्तूचा कोणता बिंदू चिकटायचा, आणि तो कशाला चिकटायचा. तुम्ही 'कशाला' नीट निवडलंय, गाइडला. पण 'कोणता बिंदू' मध्ये बाउंडिंग बॉक्स चालू आहे, म्हणून वर्तुळाभोवतीच्या अदृश्य चौकोनाची कड आणि कोपरे पुढे पुढे करतात. केंद्राच्या आधी कड गाइडजवळ पोचते आणि तीच अडकते.

१.२ पासून स्नॅपचं बटण खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात आलंय. त्याच्या शेजारचा बाण दाबा, ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जा. तिथे :

बाउंडिंग बॉक्सेस हा पूर्ण गट बंद. नोड्सच्या (पाथवरच्या बिंदूंच्या) गटात फक्त कस्प नोड्स, म्हणजे टोकदार कोपऱ्यांचे बिंदू, चालू (आयताचे कोपरे यातच धरले जातात). बाकीच्यांत ऑब्जेक्ट मिडपॉइंट्स चालू, गाइड लाइन्स चालू, पेज बॉर्डर्स चालू. ग्रिड (ठरावीक अंतराची जाळी) आणि टेक्स्ट बेसलाइन्स सध्या बंद.

स्मूद नोड्स (गुळगुळीत वळणावरचे बिंदू) मुद्दाम बंद सांगितले. वर्तुळाचे चार पाव-बिंदू स्मूद नोड्समध्ये येतात आणि तेही केंद्राशी स्पर्धा करतात.

त्याहून सोपं म्हणजे वर्तुळ आणून बसवण्याऐवजी केंद्रावरूनच काढणं. एलिप्स टूल घ्या, माउस गाइडच्या छेदावर न्या, फुली उमटली की कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ओढा. शिफ्टमुळे सुरुवातीचा बिंदू केंद्र होतो, कंट्रोलमुळे गोल किंवा पूर्णांकी प्रमाणाचा (१:२ वगैरे) लंबगोल येतो. व्यास कितीही येऊ दे, नंतर आरएक्स आणि आरवायमध्ये २.२५ टाका. केंद्र हलत नाही.

चार गाइडही हाताने ओढायला नकोत. आयताच्या टूलने २८० × १०० मिमीचा आयत काढा, एक्स १०, वाय १० वर ठेवा आणि शिफ्ट+जी दाबा. आयत जातो आणि त्याच्या चार कडांच्या जागी चार गाइड येतात. आयतही राहायला हवा असेल तर प्रेफरन्सेस > टूल्समध्ये रूपांतरानंतर वस्तू ठेवण्याची खूण आहे.

एखादी गाइड नंतर आकड्याने हलवायची तर तिच्यावर डबल क्लिक करा. एक्स, वाय, कोन, नाव, रंग, लॉक सगळं तिथे आहे. दोन गोष्टींत लोक फसतात. आडव्या गाइडचा एक्स बदलला तर काही झाल्यासारखं दिसत नाही, कारण गाइडवरचा छोटा मूळबिंदू फक्त तिच्याच रेषेवर सरकतो, आडव्या गाइडला वाय बदलावा लागतो. दुसरं, 'रिलेटिव्ह चेंज' ची खूण असेल तर १० लिहिल्यावर गाइड १० वर जात नाही, आहे तिथून १० ने सरकते.

सगळं लागल्यावर दोन्ही रुलर मिळतात त्या कोपऱ्यातलं कुलूप दाबून टाका. नाहीतर वस्तू उचलायला जाता आणि गाइड हातात येते.

---

कोरलकर

शून्याचं मी सांगतो. कोरल ड्रॉमध्ये रुलरच्या कोपऱ्यातला चौकोन ओढून शून्य हवा तिथे टाकता येतो, त्याची सवय असते. इंकस्केपमध्ये ती सोय नाही. इथे शून्य पानाच्या कोपऱ्याला बांधलेला आहे. म्हणून शून्य पाटीवर न्यायचा नाही, पानच पाटीएवढं करायचं. कंट्रोल+शिफ्ट+डी, पानाची रुंदी ३००, उंची १२०, एकक मिमी. पाटीचा आयत पानाच्या कोपऱ्यांना स्नॅप करून काढला की पाटीचा कोपरा हाच शून्य.

हे पहिल्यांदा करा. सगळं काढून झाल्यावर 'पान मजकुराएवढं करा' हे बटण दाबलं की पानाचा कोपरा सरकतो, त्याबरोबर शून्य सरकतो आणि कागदावर टिपलेली सगळी मापं बाद होतात.

शून्य वर की खाली : १.० च्या आधी तो खाली डावीकडे होता आणि वाय वरच्या दिशेने वाढायचा. १.० पासून (२०२०) तो वर डावीकडे आहे आणि वाय खाली वाढतो. जुनं हवं असेल तर प्रेफरन्सेस > इंटरफेसमध्ये वाय अक्ष खाली असण्याची खूण काढा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. तुम्हाला ते करायची गरज नाही असं माझं मत. डीएक्सएफ काढताना इंकस्केप स्वतःच वाय उलटवतं आणि पानाचा खालचा डावा कोपरा शून्य धरतं. तोंडी माप सांगायचं तर वायचा आकडा १२० मधून वजा करा.

एकक बदलायचं तर रुलरवर राइट क्लिक. पण ते फक्त दाखवण्याचं एकक आहे, चित्र त्याने बदलत नाही. रकान्यात एककासकट लिहिलेलं चालतं आणि गणितही चालतं : '३००मिमी/७' किंवा '१२०-१०' अशा धर्तीवर (अर्थात रोमन लिपीतलं एकक आणि इंग्रजी आकड्यांत) टाकून एंटर मारा, उत्तर भरलं जातं. सात खुंट्यांचा कीहोल्डर असला की हे फार कामाचं.

कोणाकडून जुनी फाइल आलीच तर सावध. ०.९१ पर्यंत इंकस्केप एका इंचात ९० पिक्सेल धरायचं, ०.९२ पासून ९६ धरतं. जुनी फाइल उघडताना खिडकी येऊन विचारते की मापाचं काय करायचं. ती न वाचता बंद केली तर ३०० मिमीची पाटी २८१.२५ मिमीची होऊ शकते. माप नेमकं ०.९३७५ पट दिसलं की चूक इथेच आहे हे समजा.

---

दारपाटी

मंडळी, खूप आभार. जॉमेट्रिक केल्यावर खरंच २९९.५ आणि ०.२५ दिसलं. भोकं केंद्रावरून काढली, आरएक्स २.२५. कुलूपही लावलं.

एक नवीन गंमत. एक भोक बरोबर बसलं होतं, शंका आली म्हणून बाणाच्या कळीने एकदा उजवीकडे आणि एकदा खाली हलवून बघितलं. आता ते गाइडपासून ०.५२९ ने बाजूला दिसतंय. हा आकडा कुठून आला? आणि स्नॅप चालू असताना कळीने हलवल्यावर चिकटत का नाही?

---

छेदबिंदू

बाणाच्या कळीचं पाऊल मुळात २ पिक्सेलचं असतं. ९६ पिक्सेलला २५.४ मिमी, म्हणजे २ पिक्सेलला ०.५२९ मिमी. प्रेफरन्सेस > बिहेव्हियर > स्टेप्समध्ये ते १ मिमी करून टाका. मग शिफ्ट+बाणाने १० मिमी सरकेल. ऑल्ट+बाण पडद्यावरच्या एका पिक्सेलने हलवतो, त्याचं खरं अंतर झूमवर अवलंबून असतं. मापाच्या कामात त्याला हात लावू नका.

कळीने हलवणं स्नॅपच्या कक्षेत येत नाही, स्नॅप माउसने ओढतानाच लागतो. ते भोक कंट्रोल+झेडने मागे न्या, किंवा माउसने पुन्हा छेदावर सोडा.

चिकटलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. चिकटताना बिंदूवर फुली येते आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहून येतं की कोणता बिंदू कशाला चिकटला. ती ओळ वाचायची सवय लावा. 'बाउंडिंग बॉक्सचा कोपरा गाइडला' असं आलं तर चुकीचा बिंदू चिकटलाय हे तिथल्या तिथे कळतं. माउस फार भराभर हलवला तर ती ओळ दिसायच्या आत निघून जाते.

गर्दीच्या जागी नको ते चिकटत असेल तर झूम वाढवा. स्नॅपची पोच पडद्याच्या पिक्सेलमध्ये मोजली जाते, मिमीत नाही. पूर्ण पाटी पडद्यावर असताना जी पोच कित्येक मिमी पसरते, ती कोपरा मोठा करून पाहताना अर्ध्या मिमीवर येते. काही क्षण स्नॅप नकोच असेल तर ओढायला लागल्यावर शिफ्ट दाबा. आधी शिफ्ट दाबून ओढलंत तर सिलेक्ट टूल वस्तू न हलवता निवडीची चौकट काढायला लागतं. पूर्ण बंद करायचं तर %, गाइड लपवायच्या तर |, ग्रिड लपवायची तर #. एक लक्षात असू द्या, गाइड लपवल्या की त्यांना काही चिकटत नाही. 'गाइड स्नॅप बिघडला' या तक्रारीत बऱ्याचदा कोणीतरी चुकून | दाबलेलं असतं.

---

वेलांटी

तिसरा प्रश्न राहिला. इंकस्केपची टेक्स्ट बेसलाइन म्हणजे रोमन अक्षरं जिच्यावर उभी राहतात ती खालची रेष. देवनागरी वरच्या रेषेला लटकते. फॉन्ट बनवताना आपल्या अक्षरांचे पाय त्या खालच्या रेषेजवळ ठेवलेले असतात, त्यामुळे बेसलाइन जुळवली की पाय जुळतात. मापं वेगळी असली की शिरोरेषेची उंची अर्थातच वेगळी.

वरच्या कडा जुळवून तर काहीच साधत नाही. 'माऊली' मधली दीर्घ वेलांटी आणि 'निवास' मधली ऱ्हस्व वेलांटी दोन्ही शिरोरेषेच्या वर जातात. बाउंडिंग बॉक्सची वरची कड म्हणजे वेलांटीचं टोक. मोठ्या शब्दाची वेलांटी उंच, लहानाची बुटकी, टोकं जुळवली की शिरोरेषा खालीवर. रफार, मात्रा, अनुस्वार, काहीही डोक्यावर असलं तरी हेच होणार.

म्हणून शिरोरेषेलाच पकडायचं. त्यासाठी अक्षरांचे पाथ करावे लागतात आणि कटिंगला ते तसेही करावेच लागतात. मूळ मजकुराची एक प्रत वेगळ्या लेअरवर लपवून ठेवा, पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

दोन्ही शब्द वेगवेगळे टाइप केलेले असू द्या. एकेक शब्द घेऊन : कंट्रोल+शिफ्ट+सी ने पाथ करा, कंट्रोल+शिफ्ट+जी ने गट सोडा, मग सगळे तुकडे निवडलेले असतानाच कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, म्हणजे युनियन. हा शेवटचा टप्पा देवनागरीत टाळून चालतच नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. वेलांटी, काना हेही वेगळे तुकडे. पडद्यावर काळ्या फिलमध्ये सगळं एकसंध दिसतं, पण लेझर प्रत्येक तुकड्याची कड कापत जातो आणि शिरोरेषेला प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभ्या चिरा पडतात. तपासायला फिल काढून फक्त स्ट्रोक ठेवा, किंवा व्ह्यू > डिस्प्ले मोडमधून आउटलाइन लावा. शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसता कामा नये. दोन शब्द एकत्र निवडून युनियन करू नका, मग ते एकच पाथ होतात आणि वेगळे हलवता येत नाहीत.

आता 'माऊली' जागेवर ठेवा. झूम करून शिरोरेषेच्या अगदी डाव्या टोकाचा वरचा कोपरा पाहा. वरच्या रुलरमधून आडवी गाइड ओढून त्या कोपऱ्याजवळ आणा. कस्प नोड्स चालू असले की गाइडसुद्धा नोडला चिकटते. डबल क्लिक करून तिला 'शिरोरेषा' नाव द्या आणि रंग बदला, म्हणजे भोकांच्या गाइडपासून वेगळी ओळखू येईल.

मग 'निवास'. प्रेफरन्सेस > बिहेव्हियर > स्नॅपिंगमध्ये 'माउसच्या सर्वांत जवळचाच नोड स्नॅप करा' या अर्थाची खूण आहे, ती लावा. सिलेक्ट टूलने 'निवास' ला त्याच्या शिरोरेषेच्या वरच्या कोपऱ्याजवळ पकडून ओढा. आता तोच नोड गाइड शोधेल. ही खूण नसेल तर शब्दातले पन्नास नोड एकदम जागा शोधतात आणि वेलांटीचं टोक किंवा स चं पोट गाइडला जाऊन बसतं. काम झालं की खूण काढून टाका. ती राहून गेली की दुसऱ्या दिवशी स्नॅप 'कधी लागतो, कधी नाही' असा वाटायला लागतो.

शिरोरेषेची वरची कड जुळवायची की मध्य, हा नजरेचा प्रश्न आहे. एकाच फॉन्टमध्ये लहान शब्दाची शिरोरेषा बारीक असते. वरच्या कडा जुळवल्या तर खाली पायरी दिसते, मध्य जुळवले तर वर आणि खाली दोन्हीकडे छोट्या पायऱ्या दिसतात. मी वरचीच कड जुळवते. आपल्या डोळ्याला अक्षरं टांगलेली वाटतात, त्यामुळे वरची पायरी जास्त खटकते. मुक्ता किंवा बालूसारख्या अनेक जाड्या असलेल्या फॉन्टमध्ये आणखी एक उपाय आहे : लहान शब्दाला एक पायरी जाड वजन घ्या, शिरोरेषांची जाडी जवळ येते.

अक्षरं सुटी कापून चिकटवायची असतील तर आणखी एक गोष्ट. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात निघतो ही देवनागरीची मोठी सोय आहे, पण अनुस्वार, विसर्ग आणि नुक्ता सुटे पडतात. 'माऊली निवास' मध्ये यातलं काही नाही, सुटलात. 'आनंद' असतं तर ठिपक्याची जागा चिकटवताना कळावी म्हणून कागदावर एकास एक छापून घ्यावं लागलं असतं.

---

ठिपके_बाय_ठिपके

मिमीवाल्यांशी थोडा मतभेद. जॉमेट्रिक कटिंगला बरोबर, पण कायमचं तसंच ठेवा असं नवशिक्याला सांगू नये. छपाईच्या कामात जाड चौकट कटच्या रेषेपासून ५ मिमी आत हवी असेल तर मोजायची ती शाईची कड. तिथे ३ मिमीच्या चौकटीला जॉमेट्रिकने ५ वर ठेवलंत तर शाई ३.५ वर येते आणि कटर जरा हलला की लगेच दिसतं. हे सेटिंग फाइलला नाही, प्रोग्रॅमला लागू आहे, म्हणून काम बदललं की आधी तेच बघायचं. स्नॅपच्या निवडीही १.२ पासून प्रोग्रॅमसोबत राहतात, फाइलसोबत नाही. जुने धडे वाचून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये स्नॅपचा टॅब शोधू नका, तो तिथे आता नाही.

ग्रिडचा विषय निघाला नाही, म्हणून दोन शब्द. या पाटीला ग्रिडची गरज नाही, चार भोकं आणि दोन शब्द यांना गाइड पुरतात. जाळी हवी ती एकच अंतर पुन्हा पुन्हा येतं तिथे : जाळीदार पडदी, ठिपक्यांची रांगोळी, आयसोमेट्रिक आकृत्या. ठिपक्यांच्या रांगोळीत समोरासमोर ठिपके असतील तर आयताकृती ग्रिड १० मिमी अंतराने, 'रेषांऐवजी ठिपके दाखवा' ही खूण लावून. एकाआड एक, म्हणजे मध्यात मांडलेले ठिपके असतील तर ऍक्सोनोमेट्रिक ग्रिड, दोन्ही कोन ३०, तिथे समभुज त्रिकोणांची जाळी मिळते. तिच्यात उभ्या रेषा असतात, आडव्या नसतात. आडव्या ओळींची रांगोळी मांडायची असेल तर चित्र शेवटी ९० अंशांत फिरवा.

ग्रिडमध्ये चकवा दोन ठिकाणी बसतो. झूम कमी केला की बारीक रेषा दिसेनाशा होतात. 'फक्त दिसणाऱ्या रेषांना स्नॅप' ही खूण असेल तर १ मिमीच्या ग्रिडवर वस्तू भलत्याच मोठ्या टप्प्यांनी उड्या मारते. आणि त्या ग्रिडच्या सेटिंगमध्ये 'व्हिजिबल' काढून 'एनेबल्ड' ठेवलं तर न दिसणारी ग्रिड वस्तूंना ओढत राहते. कोऱ्या पानावर काहीतरी अडतंय असं वाटलं की कंट्रोल+शिफ्ट+डी उघडून ग्रिडचा टॅब बघा.

---

दारपाटी

'निवास' बसलं, शिरोरेषा एका रेषेत आली. आउटलाइनमध्ये 'ऊ' आणि 'ली' च्या सांध्यावर मात्र एक उभी रेघ अजून दिसते. युनियन केलं होतं. आणि गाइड डीएक्सएफमध्ये जाऊन कापल्या तर जाणार नाहीत ना?

---

वेलांटी

गाइड आणि ग्रिड डीएक्सएफमध्ये जात नाहीत, पीडीएफमध्ये आणि छपाईतही नाहीत. लपवायचीही गरज नाही.

रेघ राहिली याचा अर्थ युनियनच्या वेळी 'ली' चा एखादा तुकडा निवडीत नव्हता. पाथवर क्लिक करून खाली स्टेटसची ओळ वाचा, 'माऊली' साठी एकच पाथ आहे असं यायला हवं. टॅबची कळ दाबून पुढच्या वस्तूवर जा, सुटा तुकडा सापडेल. शिफ्ट धरून दोन्ही निवडा आणि पुन्हा युनियन.

तरीही रेघ राहिली तर झूम जोरात वाढवा. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले नसून त्यांच्यात केसाएवढी फट असेल. टाइप करताना अक्षरांमधलं अंतर वाढवलं असलं की असं होतं. लपवलेल्या मूळ मजकुरात ते अंतर शून्य करा आणि पाथपासून पुन्हा सुरुवात करा. फट नोड ओढून बुजवत बसू नका, शिरोरेषेला तिथे बाक येतो आणि ऍक्रिलिकवर उजेड तिरका पडला की तो दिसतो.